इंग्लंडमधील कौन्सिल टॅक्सची थकबाकी

कौन्सिल टॅक्स हा ग्रेट ब्रिटनमधील निवासी घरांवर आकारला जाणारा स्थानिक कर होय. शाळा, रस्त्यांची देखभाल, कचरा-व्यवस्था, वृद्ध व अपंगांची निगा, पोलीस, अग्निशमन इत्यादी सेवांच्या खर्चाचा एक भाग या करातून भागविला जातो. इंग्लंडमध्ये या कराचा हप्ता मुदतीत न भरल्यास स्थानिक कौन्सिल प्रथम स्मरणपत्र पाठविते, नंतर दंडाधिकारी न्यायालयाचे समन्स काढविते आणि न्यायालयाचा आदेश मिळाल्यावर पगारकपात, जप्ती अशा मार्गांनी वसुली करते. या कार्यवाहीचे वैशिष्ट्य तिच्या वेगात आहे. एका महिन्याचा राहिलेला हप्ता सुमारे दोन आठवड्यांत संपूर्ण वर्षाच्या देण्यात रूपांतरित होऊ शकतो. त्यामुळे स्मरणपत्राचा टप्पा हा थकबाकीदाराच्या दृष्टीने सर्वांत स्वस्त व सर्वांत महत्त्वाचा टप्पा ठरतो.

महाराष्ट्रातील घरपट्टीशी या कराची तुलना सहज सुचते. परंतु दोहोंत दोन मूलभूत फरक आहेत. घरपट्टी किंवा मालमत्ता कर मुख्यतः मालकाकडून वसूल होतो. कौन्सिल टॅक्स मात्र सामान्यतः घरात प्रत्यक्ष राहणाऱ्याने, म्हणजे बहुधा भाडेकरूने, भरावयाचा असतो. दुसरा फरक विलंबाच्या परिणामाचा. महाराष्ट्रातील महानगरपालिकांत थकीत मालमत्ता करावर दरमहा दोन टक्के शास्ती चढते. इंग्लंडमध्ये कौन्सिल टॅक्सच्या थकबाकीवर व्याज आकारले जात नाही. तेथे हप्त्यांनी भरण्याची सवलत जाते आणि न्यायालयाचा व जप्तीचा खर्च अंगावर पडतो. ‘व्याज नाही, मग घाई कशाला’ असा समज करून घेणारा नवागत येथेच फसतो.

पार्श्वभूमी

इंग्लंडमध्ये १९९० पर्यंत घरांच्या अंदाजित भाडेमूल्यावर आधारलेला ‘रेट्स’ हा कर होता. मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने त्याऐवजी प्रत्येक प्रौढ व्यक्तीवर सारखा कर बसविणारा ‘कम्युनिटी चार्ज’ आणला. स्कॉटलंडमध्ये तो १९८९ मध्ये, तर इंग्लंड व वेल्समध्ये १९९० मध्ये लागू झाला. लोकांनी त्याला ‘पोल टॅक्स’ हे नाव दिले. श्रीमंत आणि गरीब यांना एकच रक्कम भरावी लागत असल्याने त्याविरुद्ध तीव्र असंतोष उसळला. ३१ मार्च १९९० रोजी लंडनच्या ट्रॅफल्गार चौकातील निदर्शनांचे पर्यवसान दंगलीत झाले. असंख्य लोकांनी कर भरण्यास नकार दिला. लिव्हरपूलचे मजूर पक्षाचे खासदार टेरी फील्ड्स यांनी १९९१ मध्ये याच कारणासाठी ६० दिवसांची कैद पत्करली.

या कराऐवजी १९९२ च्या स्थानिक शासन वित्त अधिनियमान्वये कौन्सिल टॅक्स निर्माण झाला व १ एप्रिल १९९३ पासून अमलात आला. कर बदलला, तरी समन्स, दायित्वाचा आदेश आणि जप्ती ही पोल टॅक्सच्या वसुलीची चौकट बव्हंशी तशीच राहिली. सामूहिक नकाराशी झुंजण्यासाठी तयार झालेली ही यंत्रणा आज मुख्यतः ज्यांना भरणे झेपत नाही अशांवर चालते, हे तिच्यावरील टीकेचे एक प्रमुख सूत्र आहे.

इंग्लंडमधील घरे ‘ए’ ते ‘एच’ अशा आठ गटांत विभागलेली आहेत. घर आज कितीही किमतीचे असो, त्याचा गट १ एप्रिल १९९१ रोजी त्याला बाजारात जी किंमत आली असती तीवरून ठरतो. त्यानंतर बांधलेल्या घरांनाही हीच काल्पनिक किंमत लावली जाते. ‘डी’ हा प्रमाणगट असून ‘एच’ गटाला त्याच्या दुप्पट, तर ‘ए’ गटाला त्याच्या दोन-तृतीयांश कर पडतो.

कर भरण्याचे दायित्व

घरात राहणारा मालक असेल तर कर त्याच्यावर असतो. मालक तेथे राहत नसेल तर राहत्या भाडेकरूवर. पतीपत्नी किंवा एकत्र भाडेकरार केलेले अनेक जण असतील, तर ते संयुक्तपणे व स्वतंत्रपणे जबाबदार असतात. याचा अर्थ असा की, तिघांपैकी दोघे घर सोडून गेले, तरी ते राहत असतानाच्या काळाची संपूर्ण थकबाकी कौन्सिल उरलेल्या एकाकडे मागू शकते. ‘माझा वाटा मी दिला’ हे उत्तर कौन्सिलपुढे चालत नाही. तो हिशेब त्या तिघांनी आपापसांत मिटवायचा असतो. खोल्या स्वतंत्रपणे भाड्याने दिलेल्या सामायिक घरांत मात्र कर घरमालकाकडे जातो. म्हणून भाडेकरार करतानाच कर कोणी भरावयाचा, हे तपासणे आवश्यक असते.

महाराष्ट्रातून शिक्षणासाठी गेलेल्यांच्या दृष्टीने पूर्णवेळ विद्यार्थ्यांविषयीचा नियम महत्त्वाचा आहे. ज्या घरात सर्व प्रौढ रहिवासी पूर्णवेळ विद्यार्थी आहेत, त्या घराला कर माफ असतो. पूर्णवेळ अभ्यासक्रम म्हणजे ढोबळमानाने किमान एक वर्षाचा, वर्षातून किमान २४ आठवडे आणि आठवड्यास सरासरी किमान २१ तास अध्ययन अपेक्षित असलेला अभ्यासक्रम. विद्यार्थ्यांच्या घरात नोकरी करणारी एकच व्यक्ती राहत असेल, तर देयक त्या व्यक्तीच्या नावे निघते व त्यात २५ टक्के सूट मिळते. विद्यार्थ्यासोबत आलेला परदेशी जोडीदार व्हिसाच्या अटींमुळे नोकरी करू शकत नसेल किंवा सरकारी भत्ते घेऊ शकत नसेल, तर त्याचीही गणना होत नाही.

ही माफी आपोआप मिळेल असे गृहीत धरता येत नाही. कौन्सिलला अर्ज करावा लागतो व विद्यापीठाचे प्रमाणपत्र जोडावे लागते. अभ्यासक्रम संपला की माफीही संपते. व्यक्ती त्याच खोलीत राहून नोकरी करू लागली, तर त्या दिवसापासून कर सुरू होतो. पदवी हाती पडण्याच्या आनंदात ही तारीख निसटणे अगदी साहजिक आहे. पुष्कळांची पहिली थकबाकी अशीच निर्माण होते.

स्मरणपत्र व अंतिम सूचना

वार्षिक देयक सामान्यतः मार्चमध्ये पाठविले जाते. कर एप्रिल ते जानेवारी अशा १० मासिक हप्त्यांत भरावयाचा असतो; मागणी केल्यास इंग्लंडमध्ये २०१३ पासून १२ हप्ते मिळू शकतात. हप्ता चुकल्यावर कौन्सिल स्मरणपत्र पाठविते. त्यात थकलेली रक्कम, ती भरण्याची मुदत आणि न भरल्यास होणारा परिणाम नमूद असतो. ही मुदत ७ दिवसांची असून ती पत्र हाती पडल्यापासून नव्हे, तर पत्र काढल्याच्या दिवसापासून मोजली जाते. टपालात दोन-तीन दिवस गेले, तर प्रत्यक्षात चार-पाच दिवसच उरतात.

उदाहरणादाखल १,५०० पौंडांचे वार्षिक देयक घेता येईल. दरमहा १५० पौंडांचा हप्ता आहे. एप्रिलचा हप्ता भरला गेला, मेचा राहिला. स्मरणपत्र केवळ १५० पौंडांचे येते. ते ७ दिवसांत भरल्यास पूर्वीचे वेळापत्रक जसेच्या तसे चालू राहते. खर्च काही पडत नाही. ते न भरल्यास आणखी ७ दिवस जातात आणि त्यानंतर हप्त्यांचा हक्क संपून वर्षाचे उरलेले सर्व १,३५० पौंड एकरकमी देय होतात. ज्याला १५० पौंड उभे करता आले नाहीत, त्याच्याकडून दोन आठवड्यांनी नऊपट रकमेची अपेक्षा करण्यात व्यवहारज्ञान कितपत आहे, हा प्रश्न कर्जविषयक सल्ला देणाऱ्या संस्था सातत्याने उपस्थित करीत आल्या आहेत.

एका आर्थिक वर्षात अशी दोन स्मरणपत्रे मिळतात. दोन्ही वेळा मुदतीत पैसे भरून तिसऱ्यांदा हप्ता चुकला, तर तिसरे स्मरणपत्र पाठविण्याचे बंधन कौन्सिलवर नसते. उरलेली संपूर्ण रक्कम देय होते व बहुधा अंतिम सूचना येते. म्हणून दरमहा आठ-दहा दिवस उशिरा, पण न चुकता पैसे भरणारा माणूसही उन्हाळा संपण्यापूर्वी न्यायालयाच्या दारात पोहोचू शकतो. पगाराची तारीख आणि हप्त्याची तारीख जुळत नसल्यास हप्त्याचा दिवस बदलून मागणे हा त्यावरचा साधा उपाय होय. बहुतेक कौन्सिले थेट बँकेतून हप्ता वळता करणाऱ्यांना एकाहून अधिक तारखांचा पर्याय देतात.

सूचना नेहमीच्या किंवा शेवटच्या ज्ञात पत्त्यावर पाठविली की ती बजावली गेली असे धरता येते. घर बदलणाऱ्याने नवा पत्ता कळविला नाही, तर स्मरणपत्र, समन्स व आदेश हे सारे जुन्या घराच्या दारात पडून राहते आणि त्याला पहिली वार्ता बेलिफाच्या पत्राने मिळते.

समन्स आणि न्यायालयाचा आदेश

मुदत संपल्यावर कौन्सिल दंडाधिकारी न्यायालयाकडे अर्ज करते. समन्स सुनावणीच्या किमान १४ दिवस आधी बजावले गेले पाहिजे. या टप्प्यावर थकबाकीत खर्चाची रक्कम मिळविली जाते. सुनावणीपूर्वी कर व खर्च पूर्ण भरल्यास प्रकरण तेथेच थांबते.

समन्स या शब्दाने फौजदारी गुन्ह्याची भीती वाटते. पण कौन्सिल टॅक्स थकविणे हा गुन्हा नव्हे व ही कार्यवाही दिवाणी स्वरूपाची आहे. न्यायालय जो आदेश देते त्याला ‘लायबिलिटी ऑर्डर’ म्हणतात. रक्कम देय झाली आहे आणि ती भरलेली नाही, एवढ्या दोन गोष्टींची खात्री पटली की आदेश देणे न्यायालयास बंधनकारक असते. एकाच बैठकीत शेकडो प्रकरणांचे आदेश एकगठ्ठा दिले जातात. थकबाकीदार उपस्थित राहू शकतो. परंतु ‘सध्या पैसे नाहीत’ हा बचाव ठरत नाही. रक्कम आधीच भरली आहे, देयक अथवा स्मरणपत्र नियमानुसार पाठविले गेले नाही, रक्कम देय झाल्यापासून सहा वर्षे उलटल्यावर अर्ज केला आहे, असे मुद्दे मात्र मांडता येतात.

आपण त्या घरात राहतच नव्हतो, सूट मिळावयास हवी होती, विद्यार्थी म्हणून माफी होती, असे म्हणणाऱ्याची जागा हे न्यायालय नव्हे. हे वाद ऐकण्याचा अधिकार मूल्यांकन न्यायाधिकरणाला आहे. त्यासाठी प्रथम कौन्सिलला लेखी कळवावे लागते. तिने मागणी फेटाळली किंवा दोन महिन्यांत उत्तर दिले नाही, तर न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. न्याय्य तक्रार असूनही ती चुकीच्या दारी नेल्यामुळे आदेश निघालेली प्रकरणे याच कारणाने घडतात.

खर्चाच्या रकमेवरूनही वाद झाले आहेत. प्रत्येक कौन्सिलची ही रक्कम वेगळी असते. लंडनमधील हॅरिंगे कौन्सिलने लावलेल्या १२५ पौंडांच्या खर्चाला निवृत्त धर्मगुरू पॉल निकल्सन यांनी आव्हान दिले. ही रक्कम कशी काढली, याची विचारपूस न करताच ती मंजूर करण्याचा टॉटनहॅम दंडाधिकाऱ्यांचा निर्णय उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये बेकायदेशीर ठरविला. खर्च वाजवी असला पाहिजे आणि त्याचा हिशेब मागण्याचा अधिकार करदात्याला आहे, हे त्यातून स्पष्ट झाले. कौन्सिलला अशा अर्जासाठी स्वतः भरावे लागणारे न्यायालयीन शुल्क २०१८ मध्ये अवघ्या ५० पेन्सांवर आणण्यात आले, ही बाब या संदर्भात लक्षणीय आहे.

हा आदेश दिवाणी न्यायनिवाड्यांच्या सार्वजनिक नोंदवहीत जात नाही, त्यामुळे व्यक्तीच्या पतनोंदीवर तो दिसत नाही. मात्र एकदा आदेश मिळाल्यावर वसुलीला सहा वर्षांची मर्यादा राहत नाही.

आदेशानंतरची वसुली

आदेशानंतर कौन्सिल थकबाकीदाराकडून उत्पन्नाची माहिती मागवू शकते आणि नियोक्त्याला पगारातून कपात करण्याचा हुकूम देऊ शकते. कपात किती करावयाची हे तक्त्यावरून ठरते. इंग्लंडसाठी २००७ मध्ये ठरविलेल्या तक्त्यानुसार महिन्याला हाती पडणारे वेतन १,४२० ते २,०२० पौंडांच्या दरम्यान असल्यास १७ टक्के कपात होते. युनिव्हर्सल क्रेडिटसारख्या काही सरकारी भत्त्यांतूनही ठरावीक कपात करता येते. थकबाकी १,००० पौंड किंवा अधिक असेल तर मालकीच्या घरावर बोजा चढविता येतो, आणि ५,००० पौंडांपासून पुढे दिवाळखोरीची कार्यवाहीही शक्य असते.

लोकांना सर्वाधिक धास्ती असते ती बेलिफाची. कायद्यात त्यांना आता ‘एन्फोर्समेंट एजंट’ असे नाव आहे. त्यांचे अधिकार २००७ च्या अधिनियमाने व २०१४ पासून लागू झालेल्या नियमांनी बांधलेले आहेत. प्रकरण त्यांच्याकडे जाताच ७५ पौंड शुल्क लागते. भेटीपूर्वी किमान सात पूर्ण दिवसांची सूचना द्यावी लागते. या दिवसांत हप्ते ठरवून घेतले तर पुढचे शुल्क टळते. प्रत्यक्ष भेट झाली की आणखी २३५ पौंड आणि वस्तू विक्रीस नेल्यास ११० पौंड चढतात. हे २०१४ चे दर होत. वरील उदाहरणातील १५० पौंडांच्या हप्त्यामागे अशा प्रकारे न्यायालयाचा खर्च सोडूनही ३१० पौंडांचे शुल्क लागू शकते.

कौन्सिल टॅक्ससाठी बेलिफाला घराचे दार फोडून प्रथम प्रवेश करता येत नाही. सकाळी ६ ते रात्री ९ या वेळेतच आणि दारावाटेच, शांततेने आत येता येते. दार उघडण्याची सक्ती नसते. मात्र एकदा आत येऊन त्याने वस्तूंची यादी करून करार केला आणि तो मोडला गेला, तर पुढच्या वेळी त्याचे अधिकार वाढतात. घरात केवळ १६ वर्षांखालील मूल असल्यास त्याला प्रवेश नाही. कपडे, अंथरूण-पांघरूण, चूल, शीतकपाट, धुलाई यंत्र यांसारख्या गरजेच्या वस्तू आणि एकूण १,३५० पौंडांपर्यंतची व्यवसायाची साधने जप्त करता येत नाहीत. दूरचित्रवाणी संच या यादीत नाही. रस्त्यावर उभी केलेली मोटार हे बेलिफाचे नेहमीचे पहिले लक्ष्य असते.

सर्व उपाय थकल्यावर इंग्लंडमध्ये तीन महिन्यांपर्यंत कारावासाची तरतूद आजही आहे. त्यापूर्वी दंडाधिकाऱ्यांनी थकबाकीदाराच्या ऐपतीची चौकशी केलीच पाहिजे. हेतुपुरस्सर नकार किंवा दोषास्पद हयगय सिद्ध झाल्यावरच अशी शिक्षा देता येते. निव्वळ गरिबीसाठी नाही.

सूट, सवलत व मुदत

घरात एकच प्रौढ राहत असल्यास २५ टक्के सूट मिळते. अल्प उत्पन्न गटासाठी पूर्वी राष्ट्रीय पातळीवरील ‘कौन्सिल टॅक्स बेनिफिट’ होता. तो एप्रिल २०१३ मध्ये बंद होऊन प्रत्येक कौन्सिलची स्वतंत्र सवलत योजना आली. निवृत्तिवेतनधारकांसाठीचे नियम देशभर समान राहिले. काम करण्याच्या वयातील गरिबांना मात्र कोठे संपूर्ण माफी, तर कोठे काही हिस्सा भरावाच लागतो. याशिवाय अपवादात्मक अडचणीत कोणाचाही कर कमी करण्याचा किंवा पूर्ण सोडून देण्याचा ऐच्छिक अधिकार १९९२ च्या अधिनियमातील कलम १३अ अन्वये कौन्सिलला आहे. स्मरणपत्रांत त्याचा ठळक उल्लेख क्वचितच आढळतो.

व्हिसावर राहणाऱ्यांनी येथे एक भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. अल्प उत्पन्नाची सवलत ही सार्वजनिक निधीत मोडते. ज्यांच्या व्हिसावर असा निधी घेण्यास मनाई आहे, त्यांनी तिच्यासाठी अर्ज केल्यास व्हिसाच्या अटींचा भंग होऊ शकतो. एकट्या रहिवाशाची २५ टक्के सूट आणि विद्यार्थ्यांची माफी यांना ही मनाई लागू नाही.

कोणत्याही टप्प्यावर कौन्सिलशी हप्ते ठरविता येतात. समन्स निघाल्यानंतरही, फक्त तेव्हा कौन्सिल बहुधा आदेश घेऊन ठेवते. चालू वर्षाचा कर आणि मागील थकबाकी यांची खाती वेगळी असल्याने जुने फेडताना नवे थकू न देणे हे यातील खरे अवघड काम असते. सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस, स्टेपचेंज व नॅशनल डेटलाइन या संस्था विनामूल्य सल्ला देतात. ४ मे २०२१ पासून इंग्लंड व वेल्समध्ये ‘ब्रीदिंग स्पेस’ योजना लागू आहे. मान्यताप्राप्त कर्ज-सल्लागारामार्फत तीत प्रवेश मिळाल्यास ६० दिवस वसुलीची कार्यवाही थांबते. कौन्सिलच्या किंवा तिने नेमलेल्या बेलिफांच्या वर्तनाविषयी आधी कौन्सिलकडे व नंतर स्थानिक शासन लोकपालाकडे तक्रार करता येते.

२०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने १० ऐवजी १२ हप्ते हीच मूळ पद्धत करणे, संपूर्ण रक्कम देय होण्यापूर्वीची मुदत वाढविणे आणि न्यायालयीन खर्चावर मर्यादा घालणे असे प्रस्ताव जनतेच्या अभिप्रायासाठी मांडले.

ब्रिटनच्या इतर भागांत

वेल्समध्ये पद्धत बरीचशी इंग्लंडसारखीच आहे; मात्र घरांचे गट २००३ च्या किमतींवर आधारलेले असून त्यांची संख्या नऊ आहे. कौन्सिल टॅक्ससाठी कारावासाची तरतूद तेथे १ एप्रिल २०१९ पासून रद्द झाली. स्कॉटलंडमध्ये कौन्सिल शेरीफ न्यायालयाकडून संक्षिप्त अधिपत्र घेते व त्यासोबत थकबाकीवर १० टक्के अधिभार लागतो. उत्तर आयर्लंडमध्ये कौन्सिल टॅक्स नाही. तेथे ‘रेट्स’ हा जुना करच चालू आहे.